परिवीक्षा : कायद्यात, सेवेत आणि शाळेत

'प्रोबेशन' हा इंग्रजी शब्द मराठी बोलण्यात आता चांगलाच रुळला आहे. नव्याने रुजू झालेला शिक्षक 'अजून प्रोबेशनवर आहे' असे गावातही सहज म्हटले जाते; न्यायालयाने एखाद्या तरुणास 'प्रोबेशनवर सोडले' अशी बातमी वर्तमानपत्रात येते. शासकीय मराठीत यासाठी 'परिवीक्षा' ही संज्ञा योजिली आहे. शब्द परिचयाचा असला, तरी त्याचा अर्थ बहुधा अर्धाच ध्यानात घेतला जातो. परिवीक्षा म्हणजे पाळत, परिवीक्षा म्हणजे डोक्यावरील टांगती तलवार, अशी समजूत शिक्षकवर्गातही आढळते. ही समजूत अपुरी आहे, आणि तिच्यामुळे प्रत्यक्ष हानी होते. नव्या शिक्षकाचे पहिले वर्ष आणि चुकलेल्या मुलाचे शाळेत परतणे, या दोन्ही गोष्टी या एका शब्दाचा अर्थ कसा लावला जातो यावर अवलंबून असतात. म्हणून हा अर्थ कायदा, सेवा व शाळा या तीन क्षेत्रांत क्रमाने पाहणे उपयुक्त होईल.

१. शब्द आणि त्यामागील कल्पना

'प्रोबेशन' या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेतील 'प्रोबारे' या क्रियापदात आहे. त्याचा अर्थ पारखणे, कसून पाहणे, सिद्ध करणे असा होतो. 'परिवीक्षा' या संस्कृत घडणीच्या शब्दात 'ईक्ष्' म्हणजे पाहणे हा धातू असून, 'परि' व 'वि' या उपसर्गांनी त्यास 'सर्व बाजूंनी नीट पाहणे' असा अर्थ आला आहे.

पारख म्हटली की सोनाराची कसोटी आठवते. परंतु सोने कसोटीवर घासल्याने सोन्यात काही बदल होत नाही. ते होते तसेच राहते, केवळ त्याचा कस कळतो. माणसाचे तसे नाही. परिवीक्षेची खरी उपमा भाताच्या लावणीत सापडते. रोप एका वाफ्यातून उपटून दुसऱ्या खाचरात लावले, म्हणजे शेतकरी ते जीव धरते की नाही हे पाहतो. पण तो नुसता बांधावर उभा राहून पाहत नाही. पाणी कमी झाले तर तो पाट फोडतो, जास्त झाले तर बांध मोकळा करतो. पाहणे आणि सांभाळणे ही दोन्ही कामे त्याच्याकडून एकाच वेळी होत असतात.

या दृष्टीने परिवीक्षेची चार अंगे सांगता येतील :

(अ) विश्वास. पूर्ण खात्री पटण्यापूर्वीच व्यक्तीला संधी दिली जाते.
(आ) मुदत. ही संधी ठरावीक काळापुरती असते, आणि त्या काळाच्या शेवटी निर्णय द्यावा लागतो.
(इ) अटी. काय केले असता संधी सफल मानली जाईल, हे प्रारंभीच सांगितलेले असते.
(ई) देखरेख व साह्य. एक जबाबदार व्यक्ती लक्ष ठेवते आणि मदतही करते.

यांपैकी एकही अंग गळाले, तर नाव तेच राहते पण वस्तू बदलते. मुदत नसेल तर ती नुसती अनिश्चितता ठरते. अटी सांगितलेल्या नसतील तर सारा व्यवहार वरिष्ठाच्या मर्जीवर जातो. साह्य नसेल तर केवळ पाळत उरते. व्यवहारात सर्वांत अधिक दुर्लक्ष या शेवटच्या अंगाकडे होते.

ही कल्पना भारतास नवी नाही. बौद्ध भिक्षुसंघाच्या विनयात अन्य पंथांतून येणाऱ्या व्यक्तीस उपसंपदा देण्यापूर्वी चार महिन्यांचा 'परिवास' सांगितला होता. त्या काळात त्याचे आचरण पाहून संघ निर्णय घेत असे. बुद्धाच्या परिनिर्वाणाच्या वेळी सुभद्द नावाचा परिव्राजक संघात येऊ इच्छित होता. चार महिने काय, आपण चार वर्षे परिवास करू, अशी त्याने तयारी दाखविली. तेव्हा बुद्धाने व्यक्तीव्यक्तींत भेद असतो हे ध्यानी घेऊन त्यास लगेच प्रवेश देवविला, असे पाली परंपरा सांगते. नियम असावा, पण तो लागू करताना समोरचा माणूस पाहावा, हा विचार त्यात स्पष्ट दिसतो.

२. कायद्यातील परिवीक्षा

न्यायालयातील आधुनिक परिवीक्षेचा उगम अमेरिकेतील बॉस्टन शहरात झाला. तेथे जॉन ऑगस्टस नावाचा बूट बनविणारा एक व्यावसायिक राहत असे. १८४१ साली तो पोलीस न्यायालयात गेला असता, दारूच्या व्यसनासाठी आरोपी म्हणून आणलेला एक फाटका माणूस त्याच्या दृष्टीस पडला. त्या माणसाशी थोडे बोलून, दारू सोडण्याचे वचन घेऊन, ऑगस्टसने त्यास जामीन राहून सोडविले. तीन आठवड्यांनी तो पुन्हा न्यायाधीशापुढे उभा राहिला, तेव्हा त्याच्यात इतका पालट झाला होता की न्यायाधीशाने त्यास तुरुंगात न पाठविता केवळ एक सेंट दंड आणि न्यायालयाचा खर्च एवढ्यावर मोकळे केले. यानंतर ऑगस्टसने १८५९ साली मृत्यू येईपर्यंत हेच कार्य चालविले. १८५८ पर्यंत त्याने १,९४६ व्यक्तींना जामीन राहून सोडविल्याची नोंद आहे.

त्याची पद्धत अभ्यासण्याजोगी आहे. समोर येईल त्यास तो सोडवीत नसे. आरोपीचे वय, त्याचे पूर्वीचे वर्तन आणि पुढे त्याच्याभोवती कोणती माणसे असतील, यांची तो आधी चौकशी करी. सोडविल्यावर लहान मुलांना शाळेत घालणे आणि मोठ्यांना प्रामाणिक काम मिळवून देणे ही जबाबदारी तो स्वतःकडे घेई, आणि त्यांच्या प्रगतीचे वृत्त न्यायालयास कळवी. चौकशी, साह्य व वृत्तांत ही आजच्या परिवीक्षा अधिकाऱ्याची तिन्ही कामे त्या कारागिराने विनावेतन केली. १८७८ साली मॅसॅच्युसेट्स राज्याने कायदा करून बॉस्टनमध्ये वेतनधारी परिवीक्षा अधिकारी नेमण्याची तरतूद केली. इंग्लंडमध्ये १९०७ साली या विषयाचा कायदा झाला.

भारतात १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम ५६२ अन्वये प्रथम अपराध करणाऱ्यास चांगल्या वर्तनाच्या बंधपत्रावर सोडता येत असे. मुंबई प्रांताने १९३८ साली स्वतःचा परिवीक्षा कायदा केला. पुढे संपूर्ण देशासाठी 'अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८' संमत झाला. भारतीय दंड संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली असली, तरी १९५८ चा हा अधिनियम अस्तित्वात आहे. त्यातील मुख्य तरतुदी अशा :

पहिली तरतूद ताकीद देऊन सोडण्याची. किरकोळ चोरी, फसवणूक अशा काही विशिष्ट अपराधांत, किंवा दोन वर्षांहून अधिक कारावास नसलेल्या अपराधांत, पूर्वी दोषी न ठरलेल्या व्यक्तीस न्यायालय ताकीद देऊन सोडू शकते.

दुसरी तरतूद सद्वर्तनाच्या परिवीक्षेची. अपराध देहांत शिक्षेस किंवा आजन्म कारावासास पात्र नसेल, तर न्यायालय तत्काळ शिक्षा न सुनावता अपराध्याकडून बंधपत्र घेते. त्याची मुदत तीन वर्षांपर्यंत असू शकते. या काळात परिवीक्षा अधिकाऱ्याची देखरेखही ठेवता येते, आणि ती ठेवल्यास एक वर्षाहून कमी असत नाही. कोठे राहावे, मादक पदार्थांपासून दूर राहावे, यांसारख्या अटी लिहून दिल्या जातात.

तिसरी तरतूद तरुणांविषयीची. एकवीस वर्षांखालील व्यक्तीला, अपराध आजन्म कारावासाचा नसेल तर, शक्यतो कारावासात पाठवू नये. पाठवावयाचेच झाल्यास न्यायालयाने परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवून, आपली कारणे नोंदविली पाहिजेत.

अट मोडली तर काय? न्यायालय अपराध्यास बोलावून मूळ अपराधाची शिक्षा देऊ शकते. पहिल्याच वेळी अट मोडली असेल तर केवळ किरकोळ दंड करून परिवीक्षा पुढे चालूही ठेवू शकते. एकदा पाय घसरला म्हणजे सारे संपले, असे कायदासुद्धा मानीत नाही, ही गोष्ट शिक्षकांनी विशेष लक्षात ठेवावी.

येथे दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. परिवीक्षा व पॅरोल या एक नव्हेत. परिवीक्षेत माणूस कारागृहाबाहेरच ठेवला जातो. पॅरोलवर सुटणारा मात्र शिक्षा भोगत असलेला बंदी असतो आणि तो काही काळापुरता किंवा अटींवर बाहेर येतो. दुसरे असे, की परिवीक्षेने दोष पुसला जातो हेही खरे नाही. अधिनियमाच्या कलम १२ मुळे दोषसिद्धीसोबत कायद्याने येणारी अपात्रता लागत नाही. परंतु सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली स्पष्ट केले, की दोषसिद्धी त्यामुळे नाहीशी होत नाही, आणि कर्मचाऱ्याचे ज्या वर्तनावरून दोष सिद्ध झाला ते वर्तन त्याचा विभाग विचारात घेऊ शकतो.

३. बालक आणि परिवीक्षा

अठरा वर्षांखालील मुलांसाठी वेगळी व्यवस्था आहे. 'बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५' अन्वये अपराधाचा आरोप असलेल्या मुलास 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतात. त्याचा विचार बाल न्याय मंडळ करते. या मंडळात एक दंडाधिकारी व दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, आणि त्या दोघांत किमान एक स्त्री असते. अशा मुलास पोलीस कोठडीत किंवा कारागृहात ठेवण्यास मनाई आहे. परिवीक्षा अधिकारी दोन आठवड्यांच्या आत मुलाच्या घराची, सोबत्यांची व शिक्षणाची माहिती घेऊन सामाजिक तपासणी अहवाल तयार करतो. मंडळापुढे समज देणे, समुपदेशन, सामुदायिक सेवा, सद्वर्तनाच्या परिवीक्षेवर पालकांच्या स्वाधीन करणे, असे अनेक मार्ग असतात. यांसोबत मंडळ आणखीही एक आदेश देऊ शकते, आणि तो म्हणजे मुलाने शाळेत जावे.

हा आदेश शाळेच्या दारापर्यंत येतो. समजा, आठवीतील एका मुलाने सोबत्यांच्या नादाने कोणाची सायकल चोरली. मंडळाने त्यास एक वर्षाच्या परिवीक्षेवर पालकांच्या स्वाधीन केले आणि शाळेत नियमित जाण्याची अट घातली. सोमवारी सकाळी तो मुलगा परिपाठाच्या रांगेत उभा राहतो. त्या दिवशी शाळा काय करते, यावर मंडळाच्या आदेशाचे यश ठरते. वर्गात काही हरवले की सर्वांत आधी त्याचेच दप्तर उघडले, तर तो मुलगा काही आठवड्यांत शाळा सोडील. शाळा सोडली म्हणजे अट मोडली, आणि अट मोडली म्हणजे तो पुन्हा मंडळापुढे. तेथे कागदावर 'मुलगा शाळेत टिकला नाही' एवढेच दिसेल. शाळेने त्यास टिकू दिले की नाही, हे दिसणार नाही.

यास्तव अशा प्रसंगी मुख्याध्यापकांनी तीन गोष्टी कटाक्षाने कराव्यात. पहिली, गुप्तता. बालकाची ओळख प्रसिद्ध होऊ न देण्याचा कायदा आहे, आणि परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवालही गोपनीय असतो. म्हणून ही माहिती ज्या शिक्षकास आवश्यक त्याच्याकडेच असावी. शिक्षक-कक्षातील गप्पांत, पालकसभेत किंवा भ्रमणध्वनीवरील गटात ती मुळीच जाऊ नये. दुसरी, एक आप्त शिक्षक. मुलास अडचण सांगता येईल असा एक शिक्षक नेमून द्यावा, आणि त्याने आठवड्यातून एकदा तरी मुलाशी दहा मिनिटे निवांत बोलावे. तिसरी, सत्य वृत्तांत. अधिकारी चौकशीस आल्यास उपस्थिती, अभ्यास व वर्तन यांविषयी पाहिलेले तेवढेच सांगावे. ऐकीव सांगू नये. गावातील कुजबुज हा पुरावा नव्हे.

४. सेवेतील परिवीक्षा

नोकरीत प्रथम परीक्षणकाळ ठेवण्याची रीत पुष्कळ व्यवसायांत आहे. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात १८६० साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाने परिचारिकांची शाळा निघाली, तेव्हा शिकणाऱ्या मुलींना 'प्रोबेशनर' असेच म्हणत. त्यांच्या वक्तशीरपणाची, विश्वासूपणाची व कामातील कौशल्याची नोंद नियमाने ठेवली जाई. भारतीय प्रशासन सेवेत निवड झालेला तरुण अधिकारीही थेट जिल्ह्याचा कारभार हाती घेत नाही. मसुरीच्या अकादमीतील शिक्षण आणि जिल्ह्यातील प्रत्यक्ष काम अशा परिवीक्षेतून तो जातो. कारखान्यांसाठी १९४६ च्या कायद्याखाली जे आदर्श स्थायी आदेश झाले, त्यांत कायम जागेवर तात्पुरता घेतलेला व तीन महिने सेवा पूर्ण न झालेला कामगार म्हणजे परिवीक्षाधीन, अशी व्याख्या होती.

परिवीक्षाधीन कर्मचाऱ्याचे हक्क कोणते, याविषयी सर्वोच्च न्यायालयाचे काही निर्णय मार्गदर्शक ठरले आहेत. १९५७ साली न्यायालयाने सांगितले, की परिवीक्षाधीन व्यक्तीस त्या पदावर राहण्याचा हक्क नसतो. काम समाधानकारक नसल्यास नियमाप्रमाणे सेवा संपविता येते. मात्र कमी करण्याचा आदेश शिक्षा म्हणून दिलेला असेल, तर शासकीय कर्मचाऱ्यास संविधानाच्या अनुच्छेद ३११ चे संरक्षण मिळते. १९७४ साली सात न्यायमूर्तींच्या पीठाने असा विचार मांडला, की आदेशाची भाषा साधी असली तरी तेवढ्यावर भागत नाही. त्यामागे गैरवर्तनाचा ठपका आहे काय, हे न्यायालय पाहू शकते. सामान्य भाषेत सांगावयाचे तर, 'काम जमत नाही' असे म्हणून कमी करता येते. 'याने लबाडी केली' असे मनात धरून आणि त्याचे म्हणणे न ऐकता कमी करता येत नाही.

मुदतीसंबंधीचा १९६८ चा निर्णय तर शिक्षकांच्याच प्रकरणात झाला. पंजाबमध्ये जिल्हा मंडळांच्या शाळा शासनाने आपल्याकडे घेतल्या होत्या. तेथील शिक्षकांच्या सेवानियमांत परिवीक्षा एकंदर तीन वर्षांहून अधिक वाढविता येणार नाही, असे म्हटले होते. तीन वर्षे उलटून गेल्यावरही शिक्षक कामावर राहिले, आणि नंतर त्यांना कमी करण्यात आले. नियमाने मुदत वाढविताच येत नसल्याने ते शिक्षक कायम झाले असेच मानले पाहिजे, असा निर्णय न्यायालयाने दिला. यावरून एवढे मात्र समजू नये, की मुदत संपताच प्रत्येक जण आपोआप कायम होतो. नियमात कमाल मर्यादा नसेल, तर बहुधा कायम करण्याचा वेगळा आदेश लागतो. म्हणून प्रत्येक नव्या शिक्षकाने आपला नेमणूक आदेश व सेवानियम स्वतः वाचावेत.

महाराष्ट्रातील खाजगी शाळांना १९७७ चा सेवाशर्ती विनियमन कायदा लागू आहे. त्यात कायम रिक्त पदावर नेमलेल्या कर्मचाऱ्यास सामान्यतः दोन वर्षांची, आणि परिवीक्षाधीन सहायक शिक्षकास तीन वर्षांची परिवीक्षा सांगितली आहे. काम किंवा वर्तन समाधानकारक नसल्यास एक महिन्याची सूचना किंवा तेवढे वेतन देऊन सेवा संपविता येते. जिल्हा परिषदांच्या प्राथमिक शाळांत २००० साली शिक्षण सेवक योजना आली. तिच्यात तीन वर्षे मानधनावर काम करून नंतर नियमित वेतनश्रेणी मिळण्याची व्यवस्था झाली. प्रारंभी प्राथमिक शिक्षण सेवकाचे मानधन दरमहा ३,००० रुपये होते. पुढे ते ६,००० झाले, आणि २०२३ पासून १६,००० रुपये करण्यात आले. हे आकडे अशासाठी सांगितले, की तीन वर्षांचा काळ तरुण शिक्षकास किती अवघड जात असेल याची कल्पना यावी. घरापासून दूर, अल्प मानधनावर राहून तो शिकवीत असतो. अशा वेळी मुख्याध्यापकाचा एक शब्द त्यास उभारी देतो किंवा खचवितो.

५. अभिप्राय लिहिण्याची जबाबदारी

परिवीक्षेच्या अखेरीस वरिष्ठास अभिप्राय लिहावा लागतो. त्या दोन ओळींवर एका कुटुंबाचे भवितव्य अवलंबून असते. तसेच एका वर्गातील मुलांचे शिक्षणही अवलंबून असते. दयेपोटी 'काम समाधानकारक' असे लिहून अपात्र व्यक्तीस कायम केले, तर त्याची किंमत पुढील तीस वर्षे मुले मोजतात. आकसाने किंवा आळसाने 'काम असमाधानकारक' असे लिहिले, तर सुधारू शकणारा शिक्षक गमावला जातो. दोन्ही दोष टाळण्याचा मार्ग एकच : वर्षभर नोंद ठेवणे.

नोंद कशी असावी, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. 'वाचन-पाठ नीट घेत नाहीत' ही नोंद निरुपयोगी होय, कारण तीवरून पाहणाऱ्याचे मत कळते, पाहिलेली गोष्ट कळत नाही. याउलट, 'ऑगस्ट महिन्यात तिसरीच्या वर्गास तीन वेळा भेट दिली. तिन्ही वेळा प्रकट वाचन पुढील बाकांवरील मुलांकडूनच घेतले गेले. दुसऱ्या भेटीनंतर गटवाचनाचा पाठ घेऊन दाखविला. सप्टेंबरच्या भेटीत सर्व गटांना वाचनाची पाळी मिळाली' ही नोंद उपयोगी होय. तीत उणीव आहे, केलेले साह्य आहे आणि झालेला बदलही आहे. ज्या नोंदवहीत केवळ शिक्षकाच्या उणिवा सापडतात आणि मुख्याध्यापकाने केलेल्या मदतीची एकही ओळ सापडत नाही, ती वही प्रथम मुख्याध्यापकाच्याच कामावर बोट ठेवते.

प्रतिकूल अभिप्राय वेळीच व लेखी कळविणे हेही तितकेच आवश्यक आहे. सुधारण्याची वेळ निघून गेल्यावर सांगितलेला दोष म्हणजे मार्गदर्शन नव्हे.

६. शाळेतील विद्यार्थी

अमेरिकेतील अनेक महाविद्यालयांत विद्यार्थ्याची सरासरी गुणश्रेणी ठरावीक पातळीखाली गेली, की त्यास 'शैक्षणिक परिवीक्षे'वर ठेवतात. नाव काढून टाकण्यापूर्वी त्यास मुदत मिळते, आणि सल्लागार शिक्षकास भेटणे भाग असते. भारतातील प्राथमिक शाळेत हा शब्द वापरात नाही. परंतु त्याचे तत्त्व कायद्यात आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात २०१९ साली सुधारणा झाली. तीप्रमाणे पाचवी व आठवीच्या अखेरीस परीक्षा घ्यावयाची. त्यात अनुत्तीर्ण झालेल्या मुलास अधिकचे अध्यापन देऊन, निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षेची संधी द्यावयाची. आणि त्यानंतरही अनुत्तीर्ण राहिल्यास त्याच वर्गात ठेवण्याची मुभा शासन देऊ शकते. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणासही शाळेतून काढून टाकता येत नाही. महाराष्ट्राने २०२३ मध्ये या इयत्तांसाठी वार्षिक परीक्षेची पद्धत स्वीकारली.

येथील 'अधिकचे अध्यापन' हे शब्द महत्त्वाचे आहेत. निकाल व पुनर्परीक्षा यांमधील आठवडे म्हणजे त्या मुलाची परिवीक्षा होय. त्या काळात त्यास कोणी शिकविलेच नाही, तर दुसरी परीक्षा ही पहिल्या अपयशावर मारलेला दुसरा शिक्का ठरेल. भागाकार न येणाऱ्या मुलास भागाकारच शिकवावा लागतो. केवळ तारीख कळवून भागत नाही.

वर्तनाच्या बाबतीतही हीच रीत अवलंबिता येते. शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस शिक्षण हक्क कायद्याची मनाई आहे; खोडकर मुलांची नावे फळ्यावर दिवसभर लिहून ठेवणे हाही अपमानच होय. त्याऐवजी मुलाशी एकांतात बोलून एक छोटा ठराव करावा. अट एकच असावी आणि मोजता येण्याजोगी असावी : 'चांगले वागेन' ही अट नव्हे, 'दोन आठवडे परिपाठापूर्वी शाळेत येईन' ही अट होय. मुदत थोडी असावी, कारण लहान मुलास महिनाही फार मोठा वाटतो. उशीर का होतो हे आधी विचारावे. धाकट्या भावंडास अंगणवाडीत पोहोचवून येणाऱ्या मुलीस अट घालण्यापूर्वी तिच्या पालकांशी बोलावे लागेल. शेवटी, मुदत संपताच 'हा विषय संपला' असे मुलास स्पष्ट सांगावे, आणि तो खरोखरच संपवावा. पूर्वीची चूक वारंवार उकरून काढणे म्हणजे मुदत कधीच न संपणारी परिवीक्षा देणे होय. तशी परिवीक्षा न्यायालयही देत नाही.

न्यायालय, कार्यालय व वर्ग या तिन्ही ठिकाणी परिवीक्षा दोघांची असते. ज्यास संधी मिळाली तो आपली पात्रता दाखवितो. ज्याने संधी दिली त्याने आपले साह्य दाखवावयाचे असते. मुदतीच्या अखेरीस निर्णय लिहिताना, 'याने काय केले?' या प्रश्नासोबत 'याच्यासाठी काय केले गेले?' हा प्रश्न विचारला गेला, म्हणजे निर्णय बहुधा न्याय्य होतो.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१. परिवीक्षेची चार अंगे कोणती? आपल्या शाळेतील नव्या शिक्षकाच्या बाबतीत यांपैकी कोणते अंग दुबळे राहते?
२. परिवीक्षा, पॅरोल व निलंबन यांतील भेद उदाहरणांनी स्पष्ट करा.
३. बाल न्याय मंडळाच्या आदेशाने शाळेत परतलेल्या मुलासंबंधी कोणती माहिती कोणास द्यावी व कोणास देऊ नये?
४. एका वर्गभेटीची नोंद अशी लिहा, की तीत उणीव, साह्य व बदल ही तिन्ही दिसतील. ती नोंद दुसऱ्या शाळेतील शिक्षकास वाचावयास देऊन तिचा अर्थ विचारा.
५. पाचवीत अनुत्तीर्ण झालेल्या एका मुलासाठी पुनर्परीक्षेपर्यंतच्या अध्यापनाचा आठवडावार आराखडा तयार करा.